पेनाची निब : रेषा जाड-बारीक कशी होते?

आपले पेन दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे जुनी माणसे सांगत. निब मालकाच्या हाताला बसलेली असते, दुसऱ्याच्या हातात ती बिघडते, असे त्यांचे म्हणणे. तुमच्या घरीही कुणी तरी हे तुम्हाला ऐकवले असेल. मी हा उपदेश मानला नाही. १९९७ साली बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश घ्यायला गेलो, तेव्हा आजोबांचे जुने पेन माझ्या खिशात होते. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी सही करायला पेन मागितले आणि मी ते दिले. अर्जाखाली दोन कार्बन कागद घातलेले होते. तिसऱ्या प्रतीवर सही नीट उमटावी म्हणून त्यांनी पेन चांगले दाबले. परत आले तेव्हा निबेची दोन पाती चिमट्याच्या पायांसारखी फाकलेली होती. त्यानंतर त्या पेनाने एका रेषेऐवजी दोन रेषा उमटू लागल्या. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तरी सांगत होतो.”

निब हाताला बसते म्हणजे नेमके काय होते? आणि तीन-चार अक्षरांच्या सहीने ती कशी काय बिघडते? पुढे पदार्थविज्ञान शिकताना या प्रश्नांची उत्तरे मिळाली. ती समजायला तुम्ही दहावीपर्यंत जे शिकता तेवढे पुरे आहे.

चीर आणि शाई

प्रथम शाईच्या पेनाची एखादी निब भिंगाखाली धरून पाहा. वाकवलेल्या पातळ पत्र्याचा हा तुकडा. त्याच्या मधोमध एक बारीक चीर असते. चिरेच्या मागच्या टोकाला बहुधा एक गोल छिद्र असते आणि पुढच्या टोकाला कागदावर टेकणारा बारीकसा दाणा. चिरेमुळे पुढच्या भागाची दोन पाती होतात. निबेच्या खाली काळी जीभ चिकटून बसलेली असते. जिभेच्या पाठीवर एक खाच असते. तिच्यातून शाई निबेपर्यंत येते आणि चिरेतून टोकाकडे जाते.

ती का जाते? वर्गात विचारले तर पुष्कळ जण ‘गुरुत्वाकर्षणाने’ असे उत्तर देतात. पण तसे असते तर पेन उलटे धरताच सगळी शाई वहीवर सांडली असती. येथे मुख्य काम केशाकर्षणाचे आहे. काचेच्या बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, हे तुम्ही शिकला आहात. नळीऐवजी दोन सपाट पृष्ठभागांमधली फट घेतली तरी तेच होते. फटीच्या भिंती द्रवाने चांगल्या भिजत असतील, तर द्रव किती उंच चढेल हे काढणे सोपे आहे. पृष्ठताणाच्या दुपटीला द्रवाची घनता, गुरुत्वत्वरण आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकाराने भागायचे.

पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन असतो. शाईचा सामान्यतः त्याहून कमी असतो, आपण ०.०५ धरू. फट ०.१ मिलिमीटर रुंद असेल तर उत्तर येते सुमारे १० सेंटिमीटर. निबेची चीर असते जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांब. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट अधिक ओढ या फटीत आहे. म्हणूनच पेन आडवे धरले तरी टोक कोरडे पडत नाही.

हे सूत्र आणखी एक गोष्ट सांगते. फट जितकी अरुंद, तितकी ओढ अधिक. चांगली निब करणारे कारागीर चीर सगळीकडे सारख्या रुंदीची ठेवत नाहीत. मागे ती किंचित रुंद आणि टोकाकडे निमुळती असते. त्यामुळे शाई आपोआप टोकाकडे खेचली जाते. टोकाशी कागद टेकला की कागदाच्या तंतूंमधल्या फटी चिरेहूनही बारीक असतात. तेथे ओढ आणखी अधिक, म्हणून शाई कागदात उतरते.

याचा प्रयोग घरी करून पाहा. काचेच्या दोन सपाट पट्ट्या घ्या. एका कडेला त्या एकमेकींना चिकटवून धरा आणि दुसऱ्या कडेला मध्ये आगपेटीची काडी ठेवा. वरून रबर लावा आणि पट्ट्यांची खालची कड रंगीत पाण्यात बुडवा. पाणी काडीच्या बाजूला थोडेसेच चढेल, चिकटलेल्या कडेकडे मात्र उंच जाईल. दोहोंमध्ये सुंदर वक्र रेषा दिसेल. निबेची निमुळती चीर म्हणजे हाच प्रयोग. (काचेच्या कडा धारदार असतात, जपून.)

आता ज्यांची निब कारकुनांनी फाकवली त्या माझ्यासारख्यांसाठी हिशेब. टोकाशी चीर एक मिलिमीटर उघडली, तर ओढ दहापटीने कमी होते. शाई आता एक सेंटिमीटरच चढू शकेल, म्हणजे चिरेच्या लांबीइतकीच. दोन पात्यांमधला शाईचा पडदा ताणला जातो आणि तुटतो. मग प्रत्येक पाते आपापली रेषा ओढते आणि कागदावर आगगाडीच्या रुळांसारख्या दोन रेषा दिसतात.

चिरेच्या मागच्या छिद्राबद्दलही थोडे सांगायला हवे. त्यातून हवा आत जाते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पण पुष्कळ पेनांत हवा जिभेवरच्या खाचेतूनही जाते, आणि काही निबांना छिद्र मुळीच नसते. छिद्राचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. कापडाला लहानशी चीर पडली की जोर लावताच ती पुढे पळते, कारण सगळा ताण चिरेच्या टोकदार शेवटापाशी एकवटतो. तेथे गोल छिद्र असले की ताण विखुरतो. कारखान्यात यंत्राच्या भागाला तडा गेला तर त्याच्या टोकाशी भोक पाडून तडा थांबवतात. निबेचे छिद्र पाती लवताना हेच काम करते.

सोने कागदाला टेकत नाही

“माझ्या पेनाची निब सोन्याची आहे,” असे कुणी ऐटीत सांगितले तर त्याला विचारा, “सोने लिहिते का?” सोने मऊ असते. निबेसाठी सहसा १४ कॅरट, म्हणजे ५८.५ टक्के सोने असलेला मिश्रधातू वापरतात. म्हणून काही निबांवर ५८५ हा आकडा असतो. पण तोही कागदावर घासून झिजेल.

किती घासतो तो, याचा अंदाज करू. एका पानावर हजार अक्षरे धरा आणि एका अक्षराची रेषा दीड सेंटिमीटर. म्हणजे एका पानाला १५ मीटर. रोज पाच पाने आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर टोक वर्षाला साडेबावीस किलोमीटर चालते! तेही हलक्या पावलांनी नव्हे. हाताचा भार एक न्यूटन, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका धरा आणि कागदाला टेकणारा भाग ०.२ मिलिमीटर बाजूचा चौरस. या भागावर येणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २५० पट होतो. शिवाय गुळगुळीत कागदात खडू किंवा चिनी माती यांसारखी खनिजांची पूड घातलेली असते, ती वेगळीच.

तेव्हा टोकाला काही तरी फार कठीण हवे. १८०३ साली लंडनमध्ये स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञाला प्लॅटिनमचे खनिज अम्लराजात विरघळवल्यावर उरणाऱ्या काळ्या गाळात दोन नवी मूलद्रव्ये सापडली, ऑस्मियम आणि इरिडियम. या दोहोंचा निसर्गात मिळणारा मिश्रधातू अतिशय कठीण असतो. १८३० नंतरच्या दशकात जॉन आयझॅक हॉकिन्स याने त्याचे कण सोन्याच्या निबेच्या टोकाला जोडले. तेव्हापासून चांगल्या निबेच्या टोकावर असा दाणा असतो, आणि चीर त्या दाण्याच्या मधून काढलेली असते. अशा टोकाला आजही ‘इरिडियम पॉइंट’ म्हणतात. आता त्या दाण्यात रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन असे धातू असतात. इरिडियम असेलच असे नाही. नाव मात्र चिकटून राहिले. स्वस्त पोलादी निबांत टोकाचाच पत्रा दुमडून गोळी केलेली असते. ती पुष्कळ लवकर झिजते.

मग सोने हवेच कशाला? जुन्या काळची शाई लोहक्षार आणि टॅनिन यांची, आम्लधर्मी असे. टाकाची साधी पोलादी निब त्या शाईत काही दिवसांत गंजून जाई. सोन्याला ती शाई काही करू शकत नसे. विसाव्या शतकात गंजरोधक पोलाद आले आणि ही अडचण बव्हंशी दूर झाली. आज मिळणारी चांगली पोलादी निब लिहायला सोन्याच्या निबेहून कमी असतेच असे नाही. किमतीत मात्र दोहोंची तुलना होत नाही.

टोकाचा आकार

टोकाचा दाणा गोल असेल तर कोणत्याही दिशेने ओढलेली रेषा सारख्याच जाडीची येते. फाइन, मीडियम, ब्रॉड हे प्रकार म्हणजे लहानमोठे गोल दाणे. त्यांची मापे सर्वत्र सारखी नाहीत. जपानी कंपन्यांची फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा बहुधा बारीक लिहिते.

दाणा गोल न ठेवता टोक पटाशीसारखे सरळ छाटले तर काय होईल? टोकाच्या रुंदीच्या दिशेने पेन सरकवले तर बारीक रेषा येईल आणि तिला काटकोनात सरकवले तर जाड. मधल्या दिशांसाठी नियम असा : रेषेची जाडी = टोकाची रुंदी × त्या दोन दिशांमधल्या कोनाचा साइन. टोक १.१ मिलिमीटर रुंद असेल तर ९० अंशांत रेषा १.१ मिलिमीटरची, ४५ अंशांत सुमारे ०.७८ ची. शून्य अंशात सूत्राप्रमाणे जाडी शून्य यायला हवी. पण टोकाच्या धारेलाही थोडी जाडी असते, तेवढी रेषा उमटतेच. कोपरे तीक्ष्ण ठेवले की त्या निबेला ‘इटॅलिक’ म्हणतात, घासून गोलसर केले की ‘स्टब’, आणि तिरके छाटले की ‘ऑब्लिक’. आजकाल मिळणाऱ्या पायलट कंपनीच्या ‘पॅरलल’ पेनात तर निब म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन सपाट पत्रेच असतात. काचेच्या पट्ट्यांचा आपला प्रयोग तेथे उघड्या डोळ्यांनी दिसतो.

पेन विकत न घेता हा नियम पडताळायचा असेल तर दोन पेन्सिली शेजारी शेजारी रबराने बांधा. टोके सारख्या उंचीवर आणा आणि मनगट न वळवता एक मोठे वर्तुळ काढा. दोन रेषांमधले अंतर कुठे रुंद, कुठे शून्य होते ते पाहा. नंतर तशाच पकडीत ‘अ’ आणि ‘क’ काढा.

येथे आपल्या बोरूची आठवण होते. देवनागरी लिहिण्याचा बोरू तिरका छाटतात, पण तो तिरकेपणा रोमन लिपीच्या रुंद लेखणीच्या उलट दिशेचा असतो. रोमन अक्षरांत वरून डावीकडून खाली उजवीकडे येणाऱ्या रेषा जाड असतात. देवनागरीत वरून उजवीकडून खाली डावीकडे येणाऱ्या रेषा जाड, आणि डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या बारीक. सुलेखनाच्या इंग्रजी पुस्तकात दाखवलेल्या पकडीने देवनागरी लिहिली की अक्षर कसेसेच दिसते, त्याचे कारण हे. शिक्षकांनी ही गोष्ट फळ्यावर खडू आडवा धरून मुलांना दाखवावी.

पाती लवतात तेव्हा

रेषा जाड-बारीक करण्याची दुसरी रीत अगदी निराळी आहे. येथे टोक बारीक आणि गोलच असते, पण पाती लवचीक असतात. खाली येताना दाब दिला की पाती फाकतात आणि रेषा जाड होते. वर जाताना हात हलका केला की ती मिटतात आणि केसासारखी रेषा येते. जुन्या इंग्रजी कित्त्यांचे वळणदार अक्षर असेच लिहीत. येथे जाडी रेषेच्या दिशेवर ठरत नाही, दाबावर ठरते.

लवचीकपणा कशावर अवलंबून असतो? एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाशी दाबली तर ती किती वाकते, ते लांबीच्या घनाच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. तुमची प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सेंटिमीटर काढून टोकाशी एक लहान वजन टांगा. मग तेच वजन २० सेंटिमीटरवर टांगून पाहा. पट्टी दुप्पट नव्हे, आठपट वाकेल.

धातूलाही महत्त्व आहेच. सोन्याच्या मिश्रधातूचा यंगचा गुणांक पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे अगदी सारख्या आकाराची सोन्याची निब दुप्पट लवेल. पण सोन्याचा पत्रा दीडपट जाड घेतला की १.५ चा घन ३.४ होतो आणि सोन्याची निब पोलादीपेक्षा ताठ होऊन बसते! म्हणून ‘सोन्याची म्हणजे लवचीक’ हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतली एस्टरब्रुक कंपनी पोलादाच्या लवचीक निबाही विके. उलट १९४१ साली बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’ ची निब १४ कॅरट सोन्याची, पण नळीसारखी वळवून आवरणाखाली लपवलेली आणि खिळ्यासारखी ताठ. वॉटरमन कंपनीने १९२७ साली आपल्या ७ क्रमांकाच्या पेनांवर निबेचा प्रकार ओळखण्यासाठी रंगच ठरवून दिले होते. लाल म्हणजे सर्वसाधारण, हिरवा म्हणजे ताठ, गुलाबी म्हणजे बारीक व लवचीक. गिऱ्हाइकाने आपला हात पाहून रंग निवडायचा. आज अशी निवड फारच थोड्या ठिकाणी मिळते.

लवचीक निबा मागे का पडल्या? वळणदार लिहिण्याची गरज टंकलेखन यंत्रामुळे कमी झाली. कचेऱ्यांत कार्बन प्रती काढण्याची पद्धत रुळली. तेथे पेन दाबावेच लागते, आणि त्यासाठी ‘मॅनिफोल्ड’ नावाच्या मुद्दाम ताठ केलेल्या निबा मिळत. पुढे १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये बॉलपेने विक्रीला आली. बॉलपेनाला दाबायची सवय लागलेल्या हाताला लवचीक निब सोसत नाही. पाती लवतात ती स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपर्यंतच. तिच्या आत असेपर्यंत ती पुन्हा जागेवर येतात. मर्यादा ओलांडली की कायमची वाकतात. अलीकडे काही कंपन्या पुन्हा लवचीक निबा करू लागल्या आहेत. पायलटच्या ‘एफए’ निबेत दोन्ही खांद्यांशी पत्रा अर्धगोल कापून टाकलेला असतो. त्यामुळे पात्यांचे मूळ अरुंद होते आणि ती सहज लवतात.

आजोबांच्या पेनाचे पुढे काय झाले

प्रथम ते एका जुन्या पेन दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे नेले. त्यांनी पाती अंगठ्याच्या नखांनी हळूहळू दाबून बरीचशी जागेवर आणली. दोन रेषा उमटण्याचे थांबले. पण चीर पूर्वीसारखी निमुळती राहिली नाही, आणि शाई जरा जास्तच येऊ लागली.

मी अध्यापक झाल्यावर एकदा प्रात्यक्षिक संपल्यानंतर ती निब प्रयोगशाळेतल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली ठेवली. दाण्याच्या डाव्या अंगाला एक लहानसा, आरशासारखा चकचकीत तिरका पैलू दिसला. आजोबा पेन किंचित वळवून धरत. कित्येक वर्षांच्या लिहिण्याने कठीण धातूचा दाणा त्यांच्या पकडीच्या कोनात झिजला होता. मी पेन सरळ धरतो, म्हणून त्या पैलूची कड कागदावर खरखरते. तेव्हा निब हाताला बसते हे खरे, पण त्याला एक नोकरीभर काळ लागतो. कारकुनांनी बिघडवली ती दाण्याची घडण नव्हे, तर पात्यांची ठेवण, आणि तिला दोन-चार सेकंद पुरले.

मग आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतल्या रेषा त्याच मायक्रोस्कोपखाली मोजल्या. वर जाणारी रेषा ०.४ मिलिमीटर, खाली येणारी १.१ मिलिमीटर. माझ्या हातून तेच पेन आता वर आणि खाली सारखीच, ०.७ मिलिमीटरची रेषा काढते.